हिंसेनंतर सावरताना कॅमेरा कशी मदत करतो? समजून घ्या ‘फोटोव्हॉइस’

कौटुंबिक हिंसेबद्दलची बातमी किंवा पोस्ट उघडली, की सोबतचा फोटो जवळपास ठरलेला असतो. चेहरा हातांनी झाकून कोपऱ्यात बसलेली बाई, उगारलेली मूठ किंवा काळानिळा पडलेला डोळा. बहुतेकदा हा फोटो मॉडेल घेऊन काढलेला असतो. ज्यांनी हिंसा सोसली, त्यांनी तो काढलेला नसतो आणि निवडलेलाही नसतो.

कॅमेरा त्यांच्याच हातात दिला तर त्या कशाचा फोटो काढतील? गेली काही दशकं जगभरातले संशोधक आणि समुपदेशक हा प्रश्न विचारून बघत आहेत. अनेकदा तो फोटो जखमेचा नसतो. तो दाराचा असतो, रस्त्याचा असतो, खिडकीतल्या कुंडीचा असतो. आणि फोटोपेक्षाही महत्त्वाचं असतं, ते त्यानंतरचं बोलणं.

या पद्धतीचं सर्वांत परिचित नाव आहे ‘फोटोव्हॉइस’.

बोलणं इतकं अवघड का असतं?

पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) भारतात लग्न झालेल्या १८ ते ४९ वयोगटातल्या सुमारे २९ टक्के महिलांनी पतीकडून शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसली आहे. याच सर्वेक्षणातला दुसरा आकडा जास्त अस्वस्थ करणारा आहे. शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसलेल्या महिलांपैकी ७७ टक्के जणींनी ना कुणाकडे मदत मागितली, ना कुणाला काही सांगितलं.

यामागे भीती असते, लाज असते, ‘लोक काय म्हणतील’ असतं, हातात पैसा नसणं असतं. पण आणखी एक कारण आहे. मोठ्या धक्क्याची आठवण नेहमी सरळ गोष्टीसारखी सांगता येत नाही. ती तुकड्यांनी येते. जिन्यावरचा पायांचा आवाज, एखादा वास, गाडीच्या चावीची खळखळ. आधी काय झालं, मग काय झालं, हे क्रमानं सांगताना माणूस अडखळतो.

त्यात विचारणाऱ्याची पद्धतही अनेकदा उलटतपासणीची असते. ‘नेमकं काय झालं? तू काय बोललीस? आधीच का नाही सांगितलंस?’ पोलीस ठाणं, दवाखाना, माहेर, सगळीकडे थोड्याफार फरकानं हेच.

समोर एक फोटो ठेवला की ही मांडणी बदलते. दोन माणसं एकमेकांच्या डोळ्यांत बघण्याऐवजी दोघंही एका तिसऱ्या गोष्टीकडे बघतात. बोलायचं ते फोटोबद्दल. त्या आडून स्वतःबद्दल किती बोलायचं, हे बोलणारी ठरवते.

ही पद्धत आली कुठून?

१९९२ मध्ये चीनच्या युन्नान प्रांतात कॅरोलाइन वांग आणि मेरी अ‍ॅन बरिस यांनी ग्रामीण महिलांच्या आरोग्याविषयीच्या एका प्रकल्पात ६२ महिलांच्या हाती कॅमेरे दिले. यापैकी अनेकींनी आयुष्यात कधी फोटो काढलेला नव्हता. ‘तुमचं रोजचं जगणं आणि काम दाखवा’, एवढंच त्यांना सांगितलं होतं.

त्यातल्या एका फोटोत बाई मक्याच्या शेतात निंदणी करते आहे आणि तिचं तान्हं बाळ बांधाशी एकटंच पडलेलं आहे. गावातल्या बायकांना ते रोजच दिसत होतं. पण फोटो समोर ठेवून चर्चा झाली, तेव्हा ‘कामाच्या वेळी मुलं कुठं ठेवायची’ हा एकेकीच्या घरातला प्रश्न न राहता सगळ्यांचा प्रश्न झाला.

या पद्धतीमागे तीन विचारधारा होत्या: ब्राझीलचे शिक्षणतज्ज्ञ पाउलो फ्रेरे यांचा संवादातून भान जागवण्याचा विचार, स्त्रीवाद आणि माहितीपर छायाचित्रण. १९९७ मध्ये वांग आणि बरिस यांनी या पद्धतीची ‘फोटोव्हॉइस’ म्हणून सविस्तर मांडणी केली.

हिंसेच्या अनुभवासाठी तिचा वापर कसा झाला?

याच धाटणीचं एक महत्त्वाचं काम अमेरिकेतल्या शिकागोत झालं. संशोधक लिसा फ्रोमन यांनी ‘फ्रेमिंग सेफ्टी’ या प्रकल्पात जोडीदाराची हिंसा सोसलेल्या स्थलांतरित महिलांसोबत काम केलं. त्यात मेक्सिकोतून आलेल्या महिला होत्या, तशा दक्षिण आशियातून आलेल्याही होत्या. त्यांनी स्वतः फोटो काढले आणि मग त्या फोटोंच्या आधारानं आपलं म्हणणं सांगितलं. याविषयीचा लेख २००५ मध्ये प्रसिद्ध झाला.

प्रकल्पाच्या नावातला ‘सेफ्टी’ हा शब्द लक्षात घेण्यासारखा आहे. प्रश्न फक्त ‘काय सोसलंत’ एवढाच नव्हता. सुरक्षित वाटणं म्हणजे काय, हाही होता.

प्रत्यक्षात काय करतात?

साधारणपणे पाच-दहा जणींचा गट असतो आणि सोबत प्रशिक्षित समुपदेशक असते. पहिल्या भेटीत कॅमेऱ्याला हातही लावत नाहीत. आधी सुरक्षेचं बोलणं होतं. फोन दुसरं कुणी बघतं का? कुणाचा फोटो विचारल्याशिवाय काढायचा नाही, हे ठरतं. मग एखादा विषय घेतात, जसं की ‘मला बळ देणारी गोष्ट’. काही दिवसांनी प्रत्येक जण स्वतःच्या फोटोंमधले दोन-तीन निवडून आणते.

चर्चेसाठी साधारण पाच प्रश्न वापरले जातात. समजा, एखादीनं दाराच्या आतल्या कडीचा फोटो आणला.

१. फोटोत काय दिसतंय? लोखंडी कडी, थोडी गंजलेली.

२. इथं खरं काय घडतंय? ‘पूर्वी ही कडी तो लावायचा. आता मी लावते.’

३. आपल्या सगळ्यांच्या जगण्याशी याचा काय संबंध? इथं दुसरी कुणी म्हणते, ‘माझ्याकडे बाहेरून कुलूप असायचं.’

४. हे असं का आहे? बोलणं घराची मालकी, पैसा, माहेरच्यांचा सल्ला इथवर जातं.

५. यावर काय करता येईल? उत्तर अगदी छोटंही असू शकतं. शेजारणीकडे जास्तीची किल्ली ठेवणं, एवढंसुद्धा.

‘माझंच काहीतरी चुकलं’ इथून सुरू झालेलं बोलणं ‘हे आपल्या इतक्या जणींसोबत का होतं’ इथपर्यंत पोहोचतं. अपराधीपणाचं ओझं हलकं होतं, ते इथं.

यात औषध नेमकं कशात आहे?

ते कॅमेऱ्यात नाही. मानसोपचारतज्ज्ञ ज्युडिथ हर्मन यांनी १९९२ च्या ‘ट्रॉमा अँड रिकव्हरी’ या पुस्तकात सावरण्याचे तीन टप्पे मांडले: आधी सुरक्षितता, मग आठवण आणि शोक, आणि नंतर माणसांशी पुन्हा जोडलं जाणं. त्यांच्या मते हिंसा माणसाकडून स्वतःच्या आयुष्यावरचा ताबा हिरावून घेते. म्हणून सावरण्याची सूत्रंही त्या व्यक्तीच्याच हाती हवीत.

फोटोव्हॉइसमध्ये असे छोटे छोटे निर्णय पुन्हा पुन्हा घ्यावे लागतात. कशाचा फोटो काढायचा? चौकटीत काय ठेवायचं, काय बाहेर? कोणता फोटो दाखवायचा, कोणता पुसून टाकायचा? त्याला नाव काय द्यायचं? जिला भाजी कोणती करायची हेही ठरवता येत नव्हतं, तिच्यासाठी हे निर्णय किरकोळ नसतात.

‘फोटोथेरपी’ म्हणजे हेच का?

नाही. फोटोथेरपीत प्रशिक्षित उपचारतज्ज्ञ समुपदेशनाचा भाग म्हणून फोटो वापरतात. कॅनडातल्या मानसशास्त्रज्ञ जुडी वायझर यांनी त्याची पद्धतशीर मांडणी केली. त्यात स्वतः काढलेले फोटो, सेल्फी, घरचे जुने अल्बम असं सगळं येतं. फोटोव्हॉइसमध्ये गट आणि सामाजिक बदल यांवर भर असतो.

दोन्हींच्या मर्यादा मात्र समजून घ्यायला हव्यात. फोटोव्हॉइसचे बरेचसे अभ्यास छोट्या गटांवरचे आणि अनुभवकथनावर आधारलेले आहेत. सतत दचकणं, झोप उडणं, तो प्रसंग पुन्हा पुन्हा डोळ्यांसमोर येणं, जीव द्यावासा वाटणं असं होत असेल तर तज्ज्ञांचे उपचारच लागतात. आणि जी अजून हिंसक घरातच आहे, तिच्यासाठी फोटो नव्हे, सुरक्षा पहिली.

मग असे फोटो सोशल मीडियावर टाकायचे का?

सावरण्यासाठी ते जगाला दाखवलेच पाहिजेत, असं नाही. चांगल्या प्रकल्पांत फोटो काढण्याची परवानगी वेगळी, गटात दाखवण्याची वेगळी आणि जाहीर करण्याची वेगळी घेतात. आधी दिलेला होकार नंतर मागेही घेता येतो. एकदा व्हायरल झालेली पोस्ट मात्र परत घेता येत नाही. खाली येणाऱ्या कमेंटवरही आपला ताबा नसतो.

काही गोष्टी आधी तपासाव्यात:

- फोटोच्या फाइलमध्ये ठिकाणाची नोंद असू शकते. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये लोकेशन बंद करता येतं.
- फोटोंचा बॅकअप घरातल्या दुसऱ्या फोनवर किंवा सामाईक खात्यात जातो का, ते बघा.
- खिडकीतून दिसणारी पाटी, मुलांचा गणवेश, गाडीचा नंबर यांवरूनही पत्ता कळतो.

दुसऱ्याची पोस्ट पुढे पाठवणाऱ्यांसाठीही एक गोष्ट. बलात्कार आणि तत्सम लैंगिक गुन्ह्यांत पीडितेची ओळख उघड करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ नुसार गुन्हा आहे. त्याला तिच्या लेखी परवानगीसारखे मोजकेच अपवाद आहेत. हेतू चांगला होता, हा त्यातला अपवाद नाही.

आणि जखमांचे, मोडतोडीचे फोटो पुरावा म्हणून काढले असतील तर ते वेगळे ठेवा. त्यांवर फिल्टर लावू नका, मूळ फाइल पुसू नका आणि वकिलाचा सल्ला घ्या. न्यायालयात डिजिटल पुराव्यासोबत प्रमाणपत्रही द्यावं लागतं.

कुणी असा फोटो तुम्हाला दाखवला तर?

घाईनं अर्थ लावू नका. ‘विसरून जा आता’ म्हणू नका. ‘हा का काढलास?’ यापेक्षा ‘या फोटोबद्दल सांगशील?’ हा प्रश्न बरा. ती गप्प राहिली तर राहू द्या. ऐकलेलं आपल्यापाशीच ठेवा. आणि तिला काय हवंय, हे तिलाच विचारा.

मदतीसाठी महिला हेल्पलाइन १८१, तातडीच्या वेळी ११२ आणि मानसिक आरोग्यासाठी टेलिमानसचा १४४१६ हे क्रमांक आहेत. महाराष्ट्रात पोलिसांसोबत काम करणारे महिला व मुलांसाठीचे विशेष कक्ष आहेत. मुंबईत महापालिकेच्या रुग्णालयात सुरू झालेलं ‘दिलासा’ केंद्रही हिंसाग्रस्त महिलांना समुपदेशन आणि आधार देतं. तिथं जाताना फोटो न्यायलाच हवा असं नाही. ‘मला बोलायचंय’ एवढं सांगितलं तरी पुरतं.