मोटारप्रवासाच्या खर्चाचा अंदाज

दिल्लीहून लखनौला द्रुतगती मार्गांनी जावयाचे तर मोटारीला सुमारे ५५० किलोमीटर अंतर तोडावे लागते. भाड्याची मोटार चालविणारा व्यावसायिक या प्रवासाचा ठोक आकडा गिऱ्हाइकाला निघण्यापूर्वीच सांगून मोकळा झालेला असतो. तो आकडा अपुरा ठरला तर तूट त्याच्याच खिशातून भरून निघते. अधिक ठरला तर गिऱ्हाईक दुसऱ्या मोटारवाल्याकडे वळते. घरच्या मोटारीने जाणाऱ्या कुटुंबाचे एवढे अडत नाही. हिशेब मात्र दोघांचा एकच आहे.

या हिशेबातील अंतर नकाशावरून कळते आणि इंधनाचा भाव पंपावर लिहिलेला असतो. चूक होते ती एका लिटरमागे गाडी किती किलोमीटर धावते, या तिसऱ्या आकड्यात. पुण्याच्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडियासारख्या संस्था नव्या गाडीचा जो आकडा प्रमाणित करतात, तो प्रयोगशाळेतील फिरत्या रोलरांवर, ठरावीक वेगक्रमाने, सुमारे वीस मिनिटांच्या चाचणीतून निघतो. त्या चाचणीत खड्डे नसतात, समोरून येणारा वारा नसतो आणि टपावर सामानही नसते. निरनिराळ्या गाड्यांची परस्परांशी तुलना करण्यास हा आकडा उत्तम होय; परंतु त्यावरून प्रवासाचा खर्च काढणे म्हणजे घोड्याची चाल तबेल्यात मोजण्यासारखे आहे.

खरा आकडा काढण्याची रीत सोपी आहे. टाकी काठोकाठ न भरता पंपाची नळी आपोआप बंद होईपर्यंत भरावी आणि किलोमीटरची नोंद करावी. दोन-तीनशे किलोमीटर नेहमीसारखी गाडी चालवून पुन्हा त्याच पंपावर तशीच टाकी भरावी. समजा, या दोन नोंदींमध्ये ३१२ किलोमीटर अंतर पडले आणि दुसऱ्या वेळी २०.८ लिटर पेट्रोल लागले, तर गाडी लिटरला १५ किलोमीटर धावली. कागदावर तिचा आकडा २० असेल, तर लखनौच्या प्रवासास २७.५ ऐवजी जवळजवळ ३६.७ लिटर लागतील. सोयीसाठी लिटरचा भाव १०० रुपये धरला, तर हा फरक नऊशे रुपयांच्या पुढे जातो.

हा आकडाही स्थिर नसतो, याचे मुख्य कारण हवेचा विरोध. तो वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ८० किलोमीटरवरून १०० वर जाताना वेग केवळ सव्वापट होतो, पण हवेचा विरोध दीडपटीहून अधिक होतो. रुंद, मोकळ्या रस्त्यावर इंधनाची बचत होईलच, हा समज म्हणूनच अर्धाच खरा आहे: थांबे टळल्याने जे वाचते, ते वेगाच्या मोहापायी पुष्कळदा खर्ची पडते. चाकांतील कमी हवा, टपावरील सामान आणि वातानुकूलन हेही आपापला वाटा घेतात.

पथकराची गोष्ट निराळी आहे. तो मोजावा लागत नाही, माहीत करून घ्यावा लागतो. राष्ट्रीय महामार्गांवरील पथकर २००८ च्या नियमांनी ठरतो. त्या नियमांत मोटार, जीप व तत्सम हलक्या वाहनांसाठी चौपदरी रस्त्यावर दर किलोमीटरला ६५ पैसे हा २००७-०८ सालचा मूळ दर धरला आहे. त्यात दरवर्षी ३ टक्क्यांची सरळ वाढ होते आणि घाऊक किमतींच्या निर्देशांकातील वाढीच्या ४० टक्के भागाची तीत भर पडते. मोठे पूल व बोगदे यांची लांबी अनेक पटींनी धरली जात असल्याने, थोड्या अंतराच्या नाक्यावरही कधीकधी मोठी रक्कम द्यावी लागते. चोवीस तासांच्या आत परतणाऱ्यास एकेरी दराच्या दीडपट आकारात जाऊन येता येते. मुक्काम लांबला की ही सवलत जाते. फास्टॅग २०२१ च्या फेब्रुवारीत सक्तीचा झाला आणि तो नसल्यास दुप्पट आकार लागू झाला. १५ नोव्हेंबर २०२५ पासून अशा वाहनाने यूपीआयद्वारे पैसे भरल्यास सव्वापट आकार ठरविण्यात आला. तेव्हा निघण्यापूर्वी फास्टॅगमधील शिल्लक पाहणे हाही अंदाजाचाच भाग समजावा.

लखनौच्या वाटेवर मात्र हे नियम पुरे पडत नाहीत. ग्रेटर नोएडा ते आग्रा हा १६५ किलोमीटरचा यमुना द्रुतगती मार्ग आणि त्यापुढील ३०२ किलोमीटरचा आग्रा-लखनौ मार्ग हे दोन्ही राज्याच्या प्राधिकरणांचे आहेत. त्यांचे दर वेगळे असून मोटारीला दोहोंचा मिळून एकेरी पथकर हजार रुपयांहून अधिक पडतो. राष्ट्रीय महामार्गावर दुचाकीला पथकर नाही. यमुना मार्गावर तीही सुटत नाही. १५ ऑगस्ट २०२५ रोजी खाजगी मोटारींसाठी ३००० रुपयांत दोनशे फेऱ्यांचा किंवा एका वर्षाचा जो पास सुरू झाला, तो राष्ट्रीय महामार्ग व राष्ट्रीय द्रुतगती मार्गांपुरता आहे, त्यामुळे येथे त्याचा उपयोग नाही. असा पास असलेल्या कुटुंबाने मुरादाबाद, बरेली, सीतापूर ही जुनी वाट धरली, तर दर फेरीस सरासरी पंधरा रुपये पडतील. मोबदला म्हणून वाटेतील गावांची गर्दी सोसावी लागेल, आणि त्या गर्दीत गाडी रांगत चालली की इंधनही अधिक जळेल. घाई नसेल तर हा सौदा बहुधा फायद्याचा ठरतो.

भाड्याच्या मोटारीला तो पास मिळतच नाही. शिवाय गिऱ्हाईक लखनौला उतरले, तरी गाडीला दिल्लीस परतावेच लागते, बहुधा रिकामी. म्हणजे ११०० किलोमीटरसाठी, वरील भावाने, ७३०० रुपयांचे पेट्रोल आणि दोन हजारांहून अधिक पथकर. कागदावरच्या आकड्याने पेट्रोल ५५०० रुपयांचेच होते. ज्याने त्या आकड्यावर विसंबून भाडे सांगितले, त्याची १८०० रुपयांची तूट आग्र्याला पोहोचण्यापूर्वीच ठरून गेलेली असते. चालकाचे जेवण आणि टायरांची झीज अजून धरावयाचीच आहे.