इनामगावचे पाय आणि मंगळाची वाट

शिरूर : स्थलांतर हा मानवाचा स्वभावच आहे, तेव्हा आज ना उद्या तो मंगळावर वस्ती करणारच, असे अंतराळ वसाहतींचे पुरस्कर्ते सांगतात. एलॉन मस्क यांनी २०१६ मध्ये मेक्सिकोतील परिषदेत मंगळावर स्वयंपूर्ण शहर वसविण्याचा आराखडा मांडला, तेव्हापासून हा युक्तिवाद वारंवार ऐकू येतो. शिरूर तालुक्यातील इनामगावची माती मात्र निराळी साक्ष देते.

घोड नदीकाठच्या या गावी डेक्कन कॉलेजने १९६८ पासून अनेक वर्षे उत्खनन केले. सांकलिया, ढवळीकर व अन्सारी या पुरातत्त्वज्ञांनी उजेडात आणलेली ही ताम्रपाषाणयुगीन वसाहत इ.स.पूर्व १६०० ते ७०० अशी सुमारे नऊशे वर्षे नांदली. येथे प्रौढ मृतांना घराच्या जमिनीखालीच पुरीत आणि पुरताना त्यांचे पाय घोट्यापासून तोडीत. मृताने घर सोडून जाऊ नये, ही त्यामागील भावना असावी, असे मानले जाते. भटकंती ज्यांच्या रक्तातच आहे, ती माणसे असे कशाला करतील?

इ.स.पूर्व १००० च्या सुमारास प्रशस्त चौकोनी घरांच्या जागी लहान गोल झोपड्या आल्या, शेती रोडावली, शिकारीवरील भिस्त वाढली. पाऊसमान घटल्याने हे घडले व अखेर लोक भटके पशुपालक बनले, अशी ढवळीकरांची उपपत्ती आहे. एकट्या दुष्काळाला जबाबदार धरण्यास पुढील काही अभ्यासकांनी हरकत घेतली. तरीही गोदावरी खोऱ्यातील दायमाबाद, नेवासे येथील वसाहती ओस पडल्यावर इनामगावकर आणखी तीनशे वर्षे तगून राहिले, हे विसरता येत नाही. पाय निघाला तो नाइलाजाने.

आजही तेच. शेजारच्या दौंड तालुक्यात गळीत हंगामात बीडकडील ऊसतोड मजूर उचल घेऊन, बिऱ्हाडासह येतात. गावाकडे पाणी नाही, येथे कालवे आहेत. हौसेने कोणी कोपीत राहत नाही. हंगाम संपताच बैलगाड्या, ट्रक परत फिरतात.

मंगळावर सरासरी तापमान उणे ६० अंश सेल्सिअसच्या आसपास, हवेचा दाब पृथ्वीच्या एक टक्क्याहूनही कमी. पाण्याकडून कोरड्याकडे जाणारे हे स्थलांतर आहे! पृथ्वीवरील संभाव्य महासंकटापासून मानवजात वाचावी, हा पुरस्कर्त्यांचा दुसरा मुद्दा अधिक वजनदार आहे. परंतु तो विम्याचा हिशेब झाला, स्वभावाचा नव्हे. संशोधकांनी तेथे अवश्य जावे. कुटुंबे पाठवायची, तर परतीची सोय आधी सांगावी लागेल, कारण पृथ्वी व मंगळ यांच्यातील प्रवासाला अनुकूल काळ सुमारे २६ महिन्यांतून एकदाच येतो.