मैदानातली एकेक जागा (हप्ता ७) : चौथ्या प्रयत्नाचा माणूस

मागच्या आठवड्यात आपण मंडईतल्या कबड्डीतला कोपरा पाहिला. चढाईपटूच्या नावानं सगळं मैदान ओरडतं. घोटा धरून बसलेला कोपरा पकड साधली तरच लोकांना आठवतो. अमेरिकन फुटबॉलमधली पंटरची जागा याच जातीची, पण त्याहून एकाकी आहे. संघाचा डाव फसला की तो मैदानात येतो, चेंडूला एक लाथ मारतो आणि परत बाकावर जाऊन बसतो.

डाव फसतो कसा, ते आधी बघू. या खेळात चार प्रयत्नांत दहा यार्ड, म्हणजे नऊ मीटरांहून थोडं जास्त, पुढं सरकावं लागतं. तीन प्रयत्न वाया गेले आणि चौथाही फसला, तर चेंडू आहे त्याच जागी प्रतिस्पर्ध्याच्या हाती जातो. आपल्या गोलरेषेजवळ हे परवडणारं नसतं. म्हणून चौथ्या प्रयत्नात चेंडू लाथेनं दूर धाडतात. पंटर आपल्या ओळीच्या मागं साधारण पंधरा यार्डांवर उभा राहतो. मधला गडी पायांमधून त्याच्याकडे चेंडू फेकतो. तिथून लाथ बसेपर्यंत सुमारे दोन सेकंद मिळतात आणि तेवढ्यात समोरचे धिप्पाड गडी अंगावर धावून आलेले असतात.

बघणाऱ्याला वाटतं, जितकं लांब तितकं चांगलं. तसं नाही. साठ यार्ड गेलेला पण खालून गेलेला चेंडू घातक ठरतो, कारण तो झेलणाऱ्यासमोर मोकळं मैदान असतं आणि तो सुसाट परत धावतो. व्यावसायिक सामन्यांत नियमानं फक्त टोकाचे दोन गडी लाथेआधी ओळ ओलांडू शकतात. बाकीच्यांना चेंडू पायावरून सुटेपर्यंत थांबावं लागतं. त्यांना पोहोचायला वेळ हवा आणि तो वेळ पंटर चेंडूच्या उंचीतून मिळवतो. चेंडू साडेचार सेकंद हवेत राहायचा तर तो साधारण पंचवीस मीटर वर जावा लागतो. तेवढ्या वेळात वेगवान गडी चाळीस यार्ड गाठतो. म्हणून पंचेचाळीस यार्डांची उंच लाथ पंचावन्न यार्डांच्या सपाट लाथेपेक्षा अनेकदा मोलाची ठरते. शिवाय चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या गोलरेषेपलीकडे गेला तर तो वीस यार्डांवर आणून ठेवतात आणि सगळी मेहनत वाया जाते. पाच-दहा यार्डांच्या आत कोपऱ्यात नेऊन चेंडू थांबवणं, हे या कामातलं सर्वांत अवघड कसब.

या जागेला प्रतिष्ठा मिळवून दिली रे गाय यानं. १९७३ साली ओकलंड रेडर्सनं त्याला नव्या खेळाडूंच्या निवडीच्या पहिल्याच फेरीत घेतलं. निव्वळ पंटर असलेल्या खेळाडूसाठी असं आधी कुणी केलं नव्हतं. १९७६च्या सुरुवातीला न्यू ऑर्लीन्सच्या सुपरडोममध्ये त्याच्या लाथेचा चेंडू छताखाली टांगलेल्या पडद्यावर जाऊन आदळला. १९८६च्या हंगामानंतर तो थांबला. प्रो फुटबॉल हॉल ऑफ फेममध्ये त्याला जागा मिळाली ती मात्र २०१४ साली, आणि पंटर म्हणून तिथं पोहोचलेला तो पहिलाच. हा उशीर मला अन्याय वाटतो.

या नोकरीचं गणित कठोर आहे. अमेरिकेतल्या एनएफएल या व्यावसायिक स्पर्धेत ३२ संघ आहेत आणि प्रत्येकात सहसा एकच पंटर असतो. जागा मिळाली आणि टिकवली, तर कारकीर्द मात्र लांब चालते. जेफ फीगल्सला निवड प्रक्रियेत कुणीच घेतलं नव्हतं. तरीही १९८८पासून तो बावीस हंगाम खेळला, सलग ३५२ सामने, एकही न चुकवता. धडकाधडकीच्या या खेळात कित्येक गडी चार-पाच वर्षांत मोडून पडतात, हे लक्षात घेतलं की त्या आकड्याचं वजन कळतं.

आपल्याकडच्या मुलांनी सर्वांत नीट पाहावी अशी गोष्ट ऑस्ट्रेलियाची आहे. तिथल्या स्वतःच्या फुटबॉलमध्ये धावता धावता लाथ मारतात. तो खेळ सोडून डॅरेन बेनेट १९९०च्या दशकात सॅन दिएगो चार्जर्सकडे गेला. चेंडूला उलटी फिरकी देणारी लाथ त्यानं सोबत नेली. असा चेंडू टप्पा पडल्यावर पुढं न पळता थबकतो किंवा मागं येतो. पुढं २००७ साली मेलबर्नमध्ये नेथन चॅपमननं प्रोकिक ही प्रशिक्षण संस्था काढली. तिथून मुलं अमेरिकी विद्यापीठांत शिष्यवृत्तीवर जातात, म्हणजे कारकीर्द नाही जमली तरी पदवी हाती राहते. मायकल डिक्सन याच वाटेनं टेक्सास विद्यापीठात गेला आणि २०१८ साली सिएटल सीहॉक्सनं त्याला निवडलं.

विदर्भात वैनगंगेकाठच्या पवनीत पहाटे पोलीस भरतीसाठी धावणाऱ्या मुलांना पायाच्या ताकदीची काय कमी? कमी आहे ती तिला वळण लावणाऱ्या शिक्षकांची आणि पुढच्या शिडीची. २०१२ साली अमेरिकन फुटबॉलच्या भारतीय एलिट फुटबॉल लीगचा पहिला हंगाम झाला आणि पुणे मराठाज संघानं तो जिंकला. पण तिथून विदर्भापर्यंत काही झिरपलं नाही. २०२८च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये फ्लॅग फुटबॉल हा या खेळाचा प्रकार आहे खरं, पण त्यात लाथ मारणंच नाही, त्यामुळे पंटरला तिथं जागा नाही.

तेव्हा वैनगंगेच्या काठी कुणाची लाथ खरोखर उंच जात असेल, तर त्यानं आज हाताशी येण्याजोगी वाट धरावी, ती रग्बीची. चेंडू लांबट, हातातून सोडून मारायची लाथही जवळपास तीच, आणि महाराष्ट्रात हा खेळ चालतो. शाळेतल्या क्रीडाशिक्षकांना माझी विनंती आहे : एक रग्बीचा चेंडू मागवा, मोबाइलचं स्टॉपवॉच लावा आणि चेंडू किती सेकंद हवेत राहतो ते प्रत्येक मुलाच्या नावापुढे लिहून ठेवा.