काजळी, क्लोरीन आणि प्लॅटिनम

नॅफ्थ्याचे उत्तम पेट्रोल करण्याच्या कामी प्लॅटिनमसारखा महर्घ धातू उत्प्रेरक म्हणून योजावा, ही रसायनज्ञ व्लादिमिर हेन्सेल यांची सूचना कोणाही हिशेबी कारभाऱ्यास उधळेपणाचीच वाटावी अशी होती. परंतु १९४९ साली अमेरिकेतील मस्केगॉन येथे पहिला कारखाना चालू झाला, आणि अॅल्युमिनाच्या गोळ्यांवर शेकडा एक भागाहूनही कमी पसरलेला हा धातू किती काम देतो, याची प्रचीती आली.

धातू खर्च होत नसला, तरी त्याच्या कणांवर हळूहळू कर्बाची काजळी साचते, मग तापमान वाढवीत वाढवीत काही मुदत रेटावी लागते आणि अखेर ती काजळी जाळणे भाग पडते. आणि येथेच रोगापेक्षा औषध भयंकर होण्याचा धोका असतो. मुक्त हवेने पेटविल्यास उष्णता अनावर होऊन नॅनोमीटरभर आकाराचे कण एकमेकांत मिसळून स्थूल होतात, व बहुसंख्य अणू पोटात गाडले जाऊन निरुपयोगी ठरतात. म्हणून नायट्रोजनात शेकडा एक भागाच्या आसपास प्राणवायू मिसळून, तापमापकावरची नजर न ढळविता, दहन सावकाश चालवावयाचे. इतका बंदोबस्त करूनही कण थोडेफार वाढतातच, शिवाय दहनातून निघालेले पाणी अॅल्युमिनाची क्लोरिनाने टिकविलेली आम्लता धुऊन नेते. या दोहोंवर उतारा एकच: सुमारे पाचशे अंश सेल्सियसवर प्राणवायूसमवेत क्लोरीन दिला, म्हणजे प्लॅटिनमचे चंचल संयुग बनून ते पृष्ठभागावर पुन्हा पसरते, आणि नंतर हायड्रोजनाने क्षपण करताच नवे सूक्ष्म कण सिद्ध होतात. माझ्या मते या इतिहासातील श्रेयाचा मोठा वाटा अग्नीकडे नव्हे, या क्लोरिनाकडे जातो.

१९६०च्या दशकाच्या अखेरीस शेव्हरॉनने प्लॅटिनमला रेनियमाची जोड देऊन उत्प्रेरकाची मुदत लांबविली. ज्या गंधकास विष म्हणून बाहेर ठेवावयाचे, त्याचीच अल्प मात्रा या नव्या जोडीला आरंभी मुद्दाम द्यावी लागते, हा तिचा नखरा! १९७१ साली यूओपी या कंपनीने उत्प्रेरक खाली सरकवीत नेऊन, बाहेर शुद्ध करून, पुन्हा माथ्यावर चढविण्याची तजवीज केली आणि काजळी जाळण्यासाठी कारखाना बंद ठेवण्याची गरजच सरली.

पुढे २००२ साली जपानमधील दाइहात्सूच्या संशोधकांनी मोटारीच्या धुराड्यासाठी पेरोव्स्काइट स्फटिकात पॅलेडियम बसविले; प्राणवायू अधिक असता ते स्फटिकात शिरते, कमी होताच कणरूपाने बाहेर येते, व त्यामुळे स्थूल होण्यास त्याला अवकाशच मिळत नाही. मात्र ही सोय मोटारीच्या धुरात आपोआप होणाऱ्या चढउतारावर अवलंबून आहे; तेलशुद्धीच्या भट्टीत सदैव हायड्रोजनाचाच अंमल असल्याने तेथे क्लोरिनाची नेमणूक अद्याप कायम आहे.