पिल्लाचं घड्याळ आणि ऑफिसची वेळ

नवरा-बायको दोघंही नोकरी करणारी, घर सातव्या मजल्यावर आणि घरात दोन महिन्यांचं कुत्र्याचं पिल्लू. अशा घरात शी-शूची शिस्त लागू शकते का? लागू शकते. त्यासाठी क्रेट लागतो, बाल्कनीचा एक कोपरा लागतो आणि या सगळ्याच्या आधी दुपारी येऊन दार उघडणारं एक माणूस लागतं.

समजा, वाकडला राहणारं एक जोडपं आहे. सकाळी साडेआठला दोघं बाहेर पडतात आणि संध्याकाळी साडेसातला परततात. शनिवारी लॅब्रेडॉरचं पिल्लू घरी आलं. त्याच्याबरोबर तारेचा, कडीचं दार असलेला क्रेटही आला. दुकानदाराने सांगितलं, ‘कुत्रं झोपतं तिथे घाण करत नाही. यात ठेवून जा, आपोआप शिकेल.’ सोमवारी संध्याकाळी कुलूप उघडलं तर गादी भिजलेली, पिल्लाचे चारही पाय शीने माखलेले. शेजारच्या काकू दारातच सांगून गेल्या की, दुपारपर्यंत ते केकाटत होतं. दोघांचा निष्कर्ष एकच, पिल्लू हट्टी आहे.

पिल्लू हट्टी नाही. दुकानदाराने सांगितलं ते अर्धं खरं होतं आणि उरलेलं अर्धं अकरा तासांच्या हिशोबात अडकलेलं होतं.

शरीर काय सांगतं?

जन्मल्यानंतर जवळपास तीन आठवडे पिल्लाला स्वतःहून शी-शू होत नाही. आई जिभेने चाटते तेव्हा ती होते आणि तीच जागा स्वच्छ करते. पुढे पायांत बळ आलं की पिल्लू झोपायच्या जागेपासून चार पावलं लांब जाऊन मोकळं व्हायला लागतं. ही स्वच्छता त्याला कुणी शिकवत नाही. सात ते नऊ आठवड्यांच्या सुमारास आणखी एक सवय जडू लागते. मोकळं होताना पायाखाली काय लागलं, गवत, माती, कागद की गुळगुळीत फरशी, ते त्याच्या लक्षात राहतं आणि पुढे तेच ते शोधत जातं.

क्रेटचा उपयोग होतो तो या उपजत स्वच्छतेमुळे. झोपायची जागा ओली करायची नाही म्हणून पिल्लू थोडा वेळ धरून ठेवतं. पण किती वेळ? प्रशिक्षक एक ढोबळ हिशोब सांगतात: वयाचे जितके महिने, त्यात एक मिळवा, तितके तास. म्हणजे दोन महिन्यांच्या पिल्लाला तीन तास आणि तेही जास्तीत जास्त. जागं असेल, खेळत असेल, नुकतंच पाणी प्यायलं असेल, तर अर्धा-पाऊण तासही खूप झाला. रात्री शरीर लघवी कमी तयार करतं, म्हणून झोपेत ते जरा जास्त टिकतं. मूत्राशयाच्या स्नायूंवर पुरेसा ताबा यायला चार ते सहा महिने उजाडतात. लहान चणीच्या जातींना आणखी वेळ लागतो.

तेव्हा अकरा तास बंद राहिलेलं पिल्लू क्रेटमध्येच मोकळं होणार, याला दुसरा इलाज नाही. असं वारंवार झालं की नुकसान गादीपुरतं राहत नाही. आपल्याच घाणीत बसायची सवय लागली की ज्या उपजत स्वच्छतेवर क्रेटची सगळी मदार, तीच बोथट होते. दुकानातल्या अरुंद पिंजऱ्यात आठवडेच्या आठवडे काढलेल्या पिल्लांना शिकवणं अवघड जातं ते याच कारणाने. आठ आठवड्यांपेक्षा लहान पिल्लू विकायला २०१७च्या श्वान प्रजनन व विक्री नियमांनी मनाई आहे. घेणाऱ्याने वयाबरोबरच ते कुठे आणि कसं वाढलं, हेही बघून घ्यावं.

इथे कायद्याचाही संबंध येतो. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६०च्या कायद्याच्या कलम ११ नुसार, प्राण्याला नीट हालचाल करता येणार नाही इतक्या लहान पिंजऱ्यात ठेवणं ही क्रूरता आहे. सतत बांधून किंवा कोंडून ठेवलेल्या कुत्र्याला पुरेसा व्यायाम न देणाऱ्या मालकालाही हेच कलम लागू होतं.

दोन जागा, दोन कामं

नोकरदारांसाठी सगळ्यात उपयोगी पडणारा विचार मांडला तो इयन डनबार या ब्रिटिश पशुवैद्य आणि प्रशिक्षकाने. पिल्लाला थोडा वेळ ठेवायची जागा आणि जास्त वेळ ठेवायची जागा वेगळी हवी, असं ते सांगतात. क्रेट ही थोड्या वेळाची जागा. घरात माणूस आहे, पण तासभर लक्ष देता येत नाही, तेव्हा तिथे ठेवायचं आणि बाहेर काढताच थेट शूच्या जागेवर न्यायचं. माणसं कामावर जातील तेव्हा मात्र पिल्लाला मोठी जागा द्यायची. तिथे अंथरूण हवं, पाणी हवं, चावायला काहीतरी हवं आणि शी-शूची सोयही हवी.

दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये हे जमतं. हॉलच्या एका कोपऱ्याला घडीचं कुंपण लावायचं. एका टोकाला दार उघडं ठेवलेला क्रेट आणि पाण्याचं जड भांडं, तर दुसऱ्या टोकाला शूची जागा. या दोन टोकांत जितकं अंतर ठेवता येईल तितकं ठेवावं. सावलीची आणि खालपासून जाळी लावलेली बाल्कनी असेल तर उत्तमच.

शूच्या जागेवर काय अंथरायचं हे घाईत ठरवू नये. बाजारातले पी-पॅड सोयीचे असतात, पण ते मऊ असतात. मऊ पॅडवर शिकलेलं पिल्लू पुढे पायपुसणं, सतरंजी, बाथरूमबाहेरची चटई असं जे जे मऊ लागेल त्यावर बसतं आणि मग घरातले त्याला रागावतात. मोठेपणी त्याने गवतावर किंवा मातीवर मोकळं व्हावं असं वाटत असेल, तर नर्सरीतून लॉनचा तुकडा आणून उथळ ट्रेमध्ये पसरावा. दोन-तीन तुकडे आलटून पालटून वापरता येतात. पावसाळ्यात सोसायटीची बाग चिखलाने भरते, तेव्हाही ही सोय उपयोगी पडते.

पण मग सरळ खालीच का न्यायचं नाही? कारण लसीकरण पूर्ण झालेलं नसतं. डिस्टेंपर आणि पार्व्हो यांवरच्या एकत्रित लसीचा पहिला डोस सहा ते आठ आठवड्यांना मिळतो. पुढचे डोस तीन-चार आठवड्यांच्या अंतराने, सोळा आठवड्यांपर्यंत चालतात. रेबीजची लस साधारण तिसऱ्या महिन्यात देतात. पार्व्होचा विषाणू मातीत महिनोन्महिने तग धरतो आणि जिथे इतर कुत्री फिरतात ती जमीन लहान पिल्लाच्या जिवावर बेतू शकते. तरीही त्याला चार भिंतींत डांबून ठेवू नये. जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर यांनी अमेरिकेत बार हार्बरच्या प्रयोगशाळेत वर्षानुवर्षं केलेला पिल्लांचा अभ्यास १९६५ साली पुस्तकरूपाने आला. तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यातले अनुभव कुत्र्याचा स्वभाव घडवतात, हे त्यातून पुढे आलं. म्हणून पिल्लाला कडेवर घेऊन गेटपर्यंत जावं, त्याला रिक्षा, शाळेची मुलं, भाजीची गाडी दाखवावी. फक्त जमिनीवर ठेवू नये.

दुपारचं माणूस

साडेआठ ते साडेसात या वेळेचे तुकडे पाडावेच लागतात. पहिले काही दिवस दोघांनी आलटून पालटून रजा घ्यावी किंवा घरून काम मागून घ्यावं. नंतर पिल्लू चार महिन्यांचं होईपर्यंत दुपारी किमान दोन फेऱ्या हव्यात. पोळ्या करायला येणाऱ्या मावशी साडेअकराला येत असतील तर एक फेरी त्यांची. समोरच्या फ्लॅटमधल्या निवृत्त काकांना कुत्र्यांची आवड असेल तर तीनची त्यांची. हे जमत नसेल, तर पैसे देऊन येणारी पेट सिटर मंडळी शहरांत मिळतात.

येणाऱ्याला नेमकं काम सांगावं लागतं. ‘मावशी, आल्या आल्या त्याच्याशी बोलू नका. आधी उचलून बाल्कनीत न्या, शू झाली की मग लाड करा,’ एवढं सांगितलं तरी निम्मं काम होतं. फ्रीजवर एक कागद चिकटवून त्यावर वेळ आणि शू की शी, इतकीच नोंद ठेवावी. आठवडाभरात त्या कागदावर पिल्लाचं घड्याळ दिसायला लागतं. खाणं पोटात गेलं की आतड्यांची हालचाल सुरू होते, त्यामुळे जेवणानंतर पाच ते तीस मिनिटांत बहुतेक पिल्लांना शी होते. जेवणाच्या वेळा ठरलेल्या असतील तर शीची वेळही ठरते. भांडं दिवसभर भरून ठेवलं की कसलाच अंदाज येत नाही.

झोपेतून उठल्यावर, खाल्ल्यावर, खेळ थांबल्यावर आणि झोपण्याआधी न चुकता जागेवर न्यावं. चालवत नेलं तर पिल्लू वाटेतच बसतं, म्हणून सुरुवातीला उचलून न्यावं. खेळता खेळता ते एकदम थांबतं, नाक फरशीला लावून एका जागेभोवती फिरायला लागतं, मागचे पाय जवळ येतात. आता हातात काही सेकंदच असतात. जागेवर पोहोचल्यावर रोज एकच शब्द वापरावा. ‘शू कर’ चालेल, फक्त घरातल्या सगळ्यांनी तोच म्हणावा. झालं की तिथल्या तिथे खाऊ द्यावा. स्वयंपाकघरात परत येऊन दिलेला खाऊ हा स्वयंपाकघरात आल्याचा खाऊ, असंच पिल्लू समजतं.

क्रेटची ओळख

क्रेटमध्ये पिल्लाला उभं राहता, वळता आणि पाय पसरून झोपता आलं पाहिजे. त्याहून फार मोठा असेल तर एक कोपरा झोपायला आणि दुसरा शूला अशी वाटणी होते, म्हणून मधला पडदा सरकवता येणारा क्रेट घ्यावा. पहिल्या दिवशी दार मागे बांधून ठेवावं, म्हणजे ते आपटून पिल्लू दचकणार नाही. खाऊ आत टाकत राहावं, ढकलू नये. मग जेवणाची ताटली आत ठेवावी, ते खात असताना दार लोटावं आणि खाणं संपायच्या आत उघडावं. अर्धा मिनिट, दोन मिनिटं, पाच मिनिटं, मग माणूस खोलीबाहेर. गळ्यातला पट्टा आत ठेवताना काढावा, कारण तो तारेत अडकू शकतो. रात्री क्रेट पलंगाशेजारी ठेवला तर पिल्लाची चुळबुळ ऐकू येते आणि वेळेवर उठता येतं.

आत चावायला काय द्यावं, याचं एक उत्तर अमेरिकेत कोलोरॅडोत १९७०च्या दशकात सापडलं. जो मार्कम यांचा फ्रिट्झ हा जर्मन शेफर्ड दगड चावून दात झिजवत असे. फोक्सवॅगन गाडीचा एक रबरी सुटा भाग त्याच्यापुढे पडला, तेव्हा तो दगड विसरला. त्यातूनच काँग हे पोकळ रबरी खेळणं जन्माला आलं. आपल्याकडे त्यात बिनमिठाचा दहीभात किंवा शिजवलेला लाल भोपळा भरून फ्रीझरमध्ये गोठवता येतो. मनुका, द्राक्षं, कांदा आणि चॉकलेट मात्र कुत्र्यांना विषारी आहेत.

चूक झाली तर

चुका होणारच. संध्याकाळी हॉलमध्ये शू दिसली की पिल्लाचं नाक त्यात घासणारे लोक आजही आहेत. ‘त्याला कळतं, बघा कसं तोंड करून बसलंय,’ असं त्यांचं म्हणणं असतं. न्यूयॉर्कच्या बर्नार्ड कॉलेजमधल्या अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी २००९ साली हेच तपासलं. कुत्र्याला मनाई केलेला खाऊ त्याने खाल्ला की नाही, याबद्दल त्यांनी काही वेळा मालकांना खोटं सांगितलं. कुत्र्याचा तो अपराधी चेहरा चुकीशी जुळला नाही, मालकाच्या रागावण्याशी जुळला. काहीही न करता बोलणी खाल्लेल्या कुत्र्यांत तर तो जास्तच दिसला. तासाभरापूर्वीच्या शूबद्दल आता मारलं तर पिल्लू एकच गोष्ट शिकतं: या माणसासमोर शू करणं धोक्याचं आहे. मग ते सोफ्यामागे जाऊन करतं आणि बाल्कनीत माणूस शेजारी उभा असला की धरून ठेवतं.

चूक डोळ्यांसमोर घडत असेल तर टाळी वाजवून थांबवावं आणि उचलून जागेवर न्यावं. नंतर फरशी पुसावी ती एन्झाइम असलेल्या क्लीनरने. फिनाईलने माणसाच्या नाकाला वास गेल्यासारखा वाटतो, पण टाइल्सच्या सांध्यांत मुरलेली लघवी कुत्र्याच्या नाकाला तशीच हुंगता येते. शिवाय फिनाईल चाटण्यात आलं तर ते घातक असतं. अमोनियाचा वास लघवीशी जुळणारा, म्हणून तोही नको.

प्रत्येक चूक शिस्तीची नसते. दर दहा मिनिटांनी थेंबभर शू होत असेल तर लघवीचा संसर्ग असू शकतो आणि तेव्हा डॉक्टरांकडेच जायला हवं. पाहुणे आल्यावर आनंदाने होणारी शू वयाबरोबर कमी होते. क्रेटमध्ये ठेवताच लाळ गाळणारं, तारा चावून हिरड्या रक्ताळून घेणारं पिल्लू घाबरलेलं असतं. त्याला त्यात ठेवणं लगेच थांबवावं.

सहा महिन्यांच्या सुमारास दुपारची एक फेरी पुरू लागते. फ्रीजवरच्या कागदावर महिनाभर चूक दिसली नाही की कुंपण काढून आधी एक खोली आणि मग सगळं घर मोकळं करावं. क्रेट तेव्हाही उघड्या दाराने ठेवावा. दवाखान्यात, प्रवासात आणि दिवाळीच्या फटाक्यांत त्याचा उपयोग होतो.

स्वीडनमध्ये कुत्र्याला दिवसा निदान दर सहा तासांनी बाहेर न्यावं लागतं, पिल्लांना त्याहूनही लवकर, असा नियमच आहे. घरात कुत्र्याला पिंजऱ्यात कोंडून ठेवायला तिथे परवानगी नाही. आपल्याकडे असा तासांचा नियम नसला तरी मूत्राशय तेच आहे. म्हणून पिल्लू आणायच्या आधी मावशींशी आणि समोरच्या काकांशी बोलून घ्यावं, रजेचा अर्ज टाकावा आणि दुपारचं माणूस पक्कं झाल्यावरच पिल्लू बघायला जावं. माणूस मिळत नसेल तर प्राण्यांच्या निवारागृहातलं दोन-तीन वर्षांचं कुत्रं दत्तक घ्यायचा विचार करावा. त्याला सहा तास थांबता येतं आणि बरेचदा शी-शूची सवयही लागलेली असते. अकरा तास बाहेर राहणाऱ्या घरात त्याच्यासाठीही दुपारी एक फेरी लागेल.