पाचोळ्यातील हिमयुगाचे साक्षीदार

आल्प्स म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर हिमशिखरे, हिरवी कुरणे आणि सहलींची जाहिरातपत्रके येतात. मात्र याच पर्वतावर, वृक्षरेषेच्या आसपास, आल्डर व ऱ्होडोडेंड्रॉनच्या झुडपांखाली साचलेल्या ओलसर पाचोळ्यात एक निराळीच सृष्टी नांदत असते. 'लेप्टुसा' प्रजातीतील जेमतेम दोन-तीन मिलिमीटर लांबीचे भुंगेरे हे तिचे रहिवासी होत.

हे भुंगेरे स्टॅफिलिनिडी कुलातले. जगभरात या कुलाच्या ६० हजारांहून अधिक जाती नोंदल्या गेल्या आहेत. इतर भुंगेऱ्यांचे उदर कठीण पंखावरणांखाली झाकलेले असते. यांची पंखावरणे मात्र आखूड असल्याने उदराचा बराचसा भाग उघडा राहतो. त्वचेवर चिरडला गेल्यास दाह व फोड उठविणारा आपल्याकडील 'पेडेरस' हा कीटकही याच कुलातला.

आल्प्समधील लेप्टुसाच्या अनेक जातींना उडता येत नाही. त्यामुळे दरी ओलांडून पलीकडच्या डोंगरावर जाणे त्यांना दुष्कर ठरते. परिणामी एखादी जाती एकाच पर्वतसमूहापुरती मर्यादित राहते. या विभागणीमागे हिमयुगाचा इतिहास आहे. सुमारे २० ते २५ हजार वर्षांपूर्वी आल्प्सचा बहुतांश भाग बर्फाखाली गेला होता. दक्षिण व पूर्व कडांवरील काही पर्वत तेवढे मोकळे राहिले आणि तेथे हे जीव तगले. बर्फ ओसरल्यावरही त्यांतील अनेकांना फार दूर पसरता आले नाही. ऑस्ट्रियाचे कीटकशास्त्रज्ञ कार्ल होल्डहाउस यांनी १९५४ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात युरोपातील प्राण्यांच्या प्रसारावर उमटलेल्या हिमयुगाच्या अशाच खुणांचा मागोवा घेतला आहे.

हे कीटक शोधायचे कसे? पाचोळा जाड चाळणीतून कापडी पिशवीत चाळला जातो. नंतर तो नरसाळ्यावरील जाळीत ठेवून वरून उष्णता देतात. पाचोळा वरून सुकू लागला की ओलाव्याच्या ओढीने कीटक खाली सरकतात आणि बाटलीत पडतात. इटलीचे आंतोनिओ बेर्लेसे यांनी विसाव्या शतकाच्या प्रारंभी रूढ केलेल्या नरसाळ्यावर ही पद्धत आधारलेली आहे.

खरी कसोटी त्यानंतर लागते. बाह्यरूपावरून दोन जातींत फरक करणे अनेकदा अशक्य असते. अशा वेळी सूक्ष्मदर्शकाखाली उदराचे विच्छेदन करून नराचे जननांग व मादीची शुक्रकोशिका तपासावी लागते. त्यांची ठेवण जातीगणिक वेगळी असते. इटलीचे रोबेर्तो पाचे यांचा लेप्टुसावरील १९८९ चा ग्रंथ अशाच चिकाटीच्या निरीक्षणांतून साकारला. केवळ सापडल्याचे ठिकाण पाहून नाव ठरविणे धोक्याचे. कारण एकाच डोंगरावर, एकाच पाचोळ्यात दोन भिन्न जाती आढळू शकतात.

एवढ्याशा कीटकासाठी हा खटाटोप कशाला, असा प्रश्न कुणालाही पडेल. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून आल्प्सचे तापमान सुमारे दोन अंश सेल्सिअसने वाढले आहे. थंडाव्याच्या शोधात वनस्पती व प्राणी वर सरकत आहेत. परंतु ज्याचे अवघे जग एका डोंगरमाथ्यापुरते आहे, त्याने शिखरावर पोहोचल्यानंतर जायचे कोठे? ज्या जीवाची ओळखच पटलेली नाही, तो नाहीसा झाल्याचेही कोणाच्या ध्यानात येणार नाही. म्हणूनच नावनिश्चिती हा निव्वळ संग्रहालयातील छंद नव्हे. ती संरक्षणाची पहिली पायरी होय.