वीज गेली, संगणक अडला

सातारा-सांगलीकडे वळवाचा पाऊस येतो तेव्हा आधी वारा सुटतो, वाऱ्याबरोबर वीज जाते आणि मग सरी कोसळतात. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीला आयर्विन पुलाजवळ कृष्णेचे पाणी ५७ फुटांच्या घरात गेले, तेव्हा तर बुडालेल्या भागांतली वीज सुरक्षिततेसाठी बंदच ठेवावी लागली. वीज परत येते, दिवे लागतात, पंखा फिरतो. पण शाळेच्या कचेरीतला संगणक मात्र कधीकधी काळ्या पडद्यावर इंग्रजी ओळी दाखवून उभा राहतो. संगणक लिनक्स पद्धतीचा असेल तर त्यांतली एक ओळ अशा अर्थाची असते : ‘अनपेक्षित विसंगती आढळली, तपासणी हाताने करा.’ वर्षभराचे हजेरीपट आणि गुणपत्रके आत, आणि दार बंद! अशा वेळी काय करावे, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे काय करू नये, ते आज पाहू.

सांगलीच्या हळदपेठेतल्या अडत दुकानाची जुनी वहिवाट आठवा. सौदा झाला की दिवाणजी तो आधी रोजकीर्दीत टिपतात आणि सवडीने खतावणीत उतरवतात. खतावणी करता करता ते मध्येच उठून गेले, तरी दुसऱ्या दिवशी रोजकीर्द उघडून राहिलेले काम पुरे करता येते. संगणकाच्या डिस्कवर हीच युक्ती केलेली असते. कोणती फाइल कोठे आहे, कोणती जागा मोकळी आहे, याची खतावणी बदलण्याआधी तो बदल एका राखीव जागी लिहितात. तिला जर्नल म्हणतात. आपण रोजकीर्दच म्हणू. लिनक्समध्ये ही सोय २००१ साली ‘ईएक्सटी-३’ या मांडणीबरोबर मुख्य प्रवाहात आली. ‘ईएक्सटी-४’ ही तिची पुढची पिढी २००८ ची. वीज गेल्यावर संगणक पुन्हा सुरू होतो, तेव्हा तो रोजकीर्दीतल्या पुऱ्या झालेल्या नोंदी खतावणीत उतरवतो आणि अर्धवट नोंद सोडून देतो. हे काम बहुधा काही सेकंदांत उरकते. आपल्याला ते कळतही नाही.

पण एक गैरसमज इथे दूर केला पाहिजे. रोजकीर्द सांभाळते ती हिशेबाची जुळणी. आपण टंकलेला शेवटचा मजकूर सांभाळण्याची हमी ती देत नाही. नेहमीच्या रीतीत तिच्यात फाइलींचा मजकूर लिहिलाच जात नाही, फक्त त्यांच्या ठावठिकाण्याची नोंद जाते. तेव्हा वीज गेली आणि दोन ओळी गेल्या, तर त्यात मोडतोड झाली असे समजू नये.

मग रोजकीर्द असूनही तपासणी अडते कशी? याची कारणे बहुधा दोन. काही डिस्क ‘लिहिले’ असे कळवतात, पण मजकूर त्यांच्या तात्पुरत्या स्मृतीतच असतो. वीज गेली की तो जातो आणि नोंदींचा क्रम बिघडतो. दुसरे, डिस्कचा एखादा भागच खराब झालेला असतो आणि नेमके रोजकीर्दीचे किंवा खतावणीचे पान वाचता येत नाही. सुरुवातीची आपोआप होणारी तपासणी फक्त निर्धोक दुरुस्त्या करते. जिथे माहिती गमावण्याचा संभव असतो तिथे ती थांबते आणि माणसाला विचारते. म्हणजे संगणक अडला तो हट्टाने नव्हे. मला तर हे शहाणपणाचेच वाटते.

अशा वेळी बटण पुन्हा पुन्हा दाबून संगणक बंद-चालू करू नये. डिस्कमधून टकटक आवाज येत असेल तर तो लगेच बंद करून जाणकाराकडे न्यावा. एरवी पेनड्राइव्हवरच्या दुसऱ्या लिनक्सने तो सुरू करावा, आणि ‘स्मार्टसीटीएल’ या आज्ञेने डिस्कची प्रकृती पाहावी. प्रकृती बरी नसेल, किंवा आतली माहिती दुसरीकडे कोठेच नसेल, तर आधी ‘डीडीरेस्क्यू’ने संपूर्ण डिस्कची नक्कल दुसऱ्या डिस्कवर घ्यावी आणि दुरुस्ती त्या नकलेवर करावी. कंटाळवाणे काम खरे. पण दुरुस्ती करणारा कार्यक्रम जुन्या नोंदी पुसून नव्या लिहीत असतो, आणि पुसलेले परत मागता येत नाही.

नंतर ‘ई-टू-एफएससीके’ चालवावा; मात्र तो भाग त्या वेळी वापरात, म्हणजे जोडलेला, नसावा. वापरातल्या भागावर दुरुस्ती चालवली तर चांगली खतावणीही बिघडते. ‘एन’ ही खूण दिली तर काहीही न बदलता दोष नुसते दाखवले जातात. त्या वेळी रोजकीर्द उतरवली जात नाही, म्हणून त्यांतले काही दोष पुढे आपोआप नाहीसे होणारे असतात. ‘वाय’ ही खूण दिली की प्रत्येक प्रश्नाला ‘होय’ असे उत्तर जाते. ती नकलेवर खुशाल वापरा, एकुलत्या एक मूळ प्रतीवर नको. खतावणीचे पहिलेच पान, म्हणजे सुपरब्लॉक, वाचता येत नसेल तरी घाबरू नका. त्याच्या प्रती डिस्कवर इतरत्र ठेवलेल्या असतात; चार किलोबाइटचा ठोकळा असेल तर पहिली राखीव प्रत बहुधा ३२७६८ क्रमांकाच्या ठोकळ्यात सापडते. ‘बी’ या खुणेपुढे तो क्रमांक द्यावा.

दुरुस्तीनंतर ‘लॉस्ट प्लस फाउंड’ नावाचा कप्पा उघडून पाहा. ज्यांचे नाव-गाव हरवले अशा फाइली तिथे नुसत्या क्रमांकाने ठेवलेल्या असतात. एकेक उघडून ओळखावी लागते, पण हरवलेली गुणपत्रके कधीकधी तिथेच मिळतात.

राहता राहिला यूपीएस. कचेरीत तो असतो, पण बॅटरी बसलेली असते, आणि हे कळते ते वीज गेल्यावर! चार-सहा महिन्यांनी, सगळी कामे जतन करून ठेवल्यावर, यूपीएसचे भिंतीवरचे बटण बंद करावे आणि संगणक किती मिनिटे तग धरतो ते घड्याळात पाहावे. संगणक रीतसर बंद करण्यापुरती मिनिटे मिळाली तर ठीक. नाहीतर पावसाळ्यापूर्वी बॅटरी बदलून घ्यावी.